गाळाची साक्ष : सातपूर, नासर्डी आणि काळ्या मातीत उतरलेले जड धातू

१/
नाशिकच्या दक्षिणेस मुंबई–आग्रा महामार्गालगत त्रिरश्मी डोंगर आहे. लोक त्याला पांडवलेणी म्हणतात. तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमीपुत्र सातकर्णीचे प्राकृत लेख कोरलेले आहेत. राज्यवर्ष १८ च्या लेखात अपर-ककडी गावातील २०० निवर्तने शेत येथील भिक्षूंना दिल्याची नोंद आहे. सहा वर्षांनंतरचा, राज्यवर्ष २४ चा लेख वेगळीच हकिकत सांगतो. ते शेत आता कसले जात नाही, गावात वस्तीही उरलेली नाही. म्हणून नगराच्या सीमेवरील राजाच्या शेतातून १०० निवर्तने जमीन बदली देण्यात येत आहे.

२/
ही आज्ञा गोवर्धनच्या अमात्याला उद्देशून आहे. गोवर्धन हे गाव आजही सातपूरच्या उत्तरेस, गोदावरीच्या काठी आहे. शेत कोणाचे, किती, त्यावर कोणत्या सवलती, हे सारे दगडावर नोंदले गेले. ते पडीक का झाले, हे मात्र नोंदले गेले नाही. जमिनीचे दप्तर सुमारे एकोणीसशे वर्षे असेच चालत आले आहे. त्यात क्षेत्रफळ असते, धारक असतो, आकार असतो. मातीच्या कणावर काय बसले आहे, हे नसते. हा धागा त्या न नोंदलेल्या गोष्टीविषयी आहे.

३/
आरंभ मातीपासून करू. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्ह्याचे थर साचले आणि त्यांचा बेसाल्ट झाला. तो झिजून तयार झालेल्या काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट जातीचे खनिज विपुल असते. त्याचे कण ०.००२ मिलिमीटरहून लहान आणि पत्त्यांच्या कॅटासारखे थरांचे असतात. प्रत्येक पापुद्र्याचा पृष्ठभाग मोजला, तर या शुद्ध खनिजाच्या एका ग्रॅममागे ७०० ते ८०० चौरस मीटर भरतो. शेतकऱ्याच्या मापात सांगायचे, तर एका ग्रॅममध्ये सात-आठ गुंठे.

४/
या पृष्ठभागावर ऋण विद्युत्भार असतो. म्हणून कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम यांचे धन आयन त्याला चिकटून राहतात आणि पिकाच्या मुळाला गरजेप्रमाणे मिळतात. काळी जमीन कसदार असण्याचे हे एक मोठे कारण. पावसात विरघळून वाहून जावे असे पोषणद्रव्य ती धरून ठेवते. या धरून ठेवण्यालाच अधिशोषण म्हणतात : पदार्थ कणाच्या आत मुरत नाही, पृष्ठभागाला चिकटतो.

५/
हा गुण विज्ञानाला उशिरा उमगला. १८५० मध्ये इंग्लंडमधील जॉन थॉमस वे या रसायनशास्त्रज्ञाने मातीच्या थरातून अमोनियम क्षारांचे द्रावण झिरपू दिले. खालून निघालेल्या पाण्यात अमोनियम जवळजवळ नव्हते. त्याच्या जागी कॅल्शियम आले होते. मातीने एक आयन ठेवून घेतला आणि बदल्यात दुसरा सोडला. पुढे १८६१ मध्ये टॉमस ग्रॅहम यांनी सूक्ष्म कणांच्या अशा अवस्थेला ‘कोलॉइड’ हे नाव दिले. मराठीत त्याला कलिल म्हणतात. गढूळ पाणी हे त्याचे घरगुती उदाहरण.

६/
प्रयोगशाळेत हे कळण्याच्या कितीतरी आधी नदीकाठच्या शेतकऱ्याला त्याचे फळ ठाऊक होते. पूर ओसरल्यावर काठावर राहणारा गाळ म्हणजे फुकटचे खत. अशा जमिनीला मळई म्हणतात. तलावाचे पाणी हटल्यावर उघड्या पडलेल्या गाळात केलेल्या पेरणीला गाळपेर. नाशिककर आजही पुराची उंची गोदाघाटावरील दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून मोजतात. १९६९ आणि २००८ चे मोठे पूर शहराच्या आठवणीत आहेत. पुराने घरे बुडवली, तरी शेतावर गाळ ठेवला, ही तडजोड पिढ्यान्‌पिढ्या मान्य होती. कारण गाळात डोंगराची मातीच होती.

७/
मग डोंगराच्या मातीबरोबर आणखी काही वाहू लागले. १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि त्याच दशकात सातपूरच्या शिवारात औद्योगिक वसाहत उभी राहिली. नंतर शेजारी अंबडची. यंत्रांचे सुटे भाग, वाहनउद्योग, विजेची उपकरणे यांमुळे हजारो घरांच्या चुली पेटल्या. उत्तर महाराष्ट्रातून आणि त्यापलीकडून माणसे सातपूरला आली, स्थिरावली, त्यांची मुले शिकली. सातपूरच्या इतिहासाची ही बाजू विसरून पुढचे लिहिणे अन्यायाचे होईल.

८/
सुटा भाग गंजू नये म्हणून त्यावर जस्त, निकेल किंवा क्रोमियमचा मुलामा चढवतात. हे प्लेटिंगचे काम मोठ्या कारखान्यांभोवती वाढलेल्या लहान लहान युनिटांत चालते. भाग एका टाकीतून दुसरीत जातो आणि मधल्या प्रत्येक टप्प्यावर पाण्याने धुतला जातो. या धुण्याच्या पाण्यात धातू उतरतो. रीतसर पद्धत अशी की विषारी षट्संयुजी क्रोमियमचे आधी त्रिसंयुजी क्रोमियम करायचे, मग चुना घालून धातू खाली बसवायचे आणि तो चिखल घातक कचरा म्हणून वेगळ्या, सुरक्षित जागी पाठवायचा. या साखळीची एक कडी सुटली, तर पाणी नाल्यात जाते आणि सातपूर–अंबडचे नाले नासर्डीला मिळतात.

९/
कायदा नव्हता असे नाही. देशाचा जलप्रदूषण कायदा १९७४ चा. महाराष्ट्राने त्याच्याही आधी, १९६९ मध्ये स्वतःचा कायदा केला आणि ७ सप्टेंबर १९७० रोजी प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन केले. पुढे पर्यावरण संरक्षण कायद्याखालील नियमांनी प्लेटिंग उद्योगाच्या सांडपाण्यासाठी मर्यादा ठरवल्या : षट्संयुजी क्रोमियम लिटरला ०.१ मिलिग्रॅम, एकूण क्रोमियम २, निकेल ३. या सर्व मर्यादांचे एकक आहे लिटर. कायद्याची नजर पाण्यावर होती. धातू मात्र पाण्यात फार काळ राहत नाही.

१०/
पाण्यात शिसे, कॅडमियम, जस्त, निकेल यांचे आयन धन भाराचे असतात आणि समोर ऋण भाराच्या मातीचे असंख्य कण तरंगत असतात. कॅल्शियमला धरणारा पृष्ठभाग याही धातूंना धरतो. कणांवरील लोहाची ऑक्साइडे आणि कुजलेले सेंद्रिय द्रव्य तर अधिकच घट्ट धरतात. थोड्या वेळात पाणी बरेचसे निर्धोक दिसू लागते आणि धातू गाळात गेलेला असतो. निळ्या-पिवळ्या पाण्याचे छायाचित्र वर्तमानपत्रात येते. तपकिरी गाळाचे छायाचित्र कोणी छापत नाही, कारण गाळ तपकिरीच असतो.

११/
मोजण्याच्या रूढीनेही हे झाकले जाते. पाण्यातील ‘विरघळलेला’ धातू मोजताना नमुना ०.४५ मायक्रोमीटर छिद्रांच्या गाळणीतून काढण्याची जगभर प्रथा आहे. गाळणीवर राहिलेले कण त्या आकड्यात धरले जात नाहीत. उलट गाळणीतून निसटलेले, त्याहून बारीक कलिल कण मात्र ‘विरघळलेले’ म्हणून मोजले जातात. कणावर स्वार झालेल्या धातूची अशी एकदा उणी आणि एकदा चुकीच्या नावाने नोंद होते. म्हणून न गाळलेल्या पाण्याची आणि तळाच्या गाळाची तपासणी वेगळी करावी लागते.

१२/
क्रोमियमची वाट किंचित वेगळी आहे. षट्संयुजी क्रोमियम पाण्यात ऋण भाराच्या क्रोमेट रूपात असते. ऋण भाराची माती त्याला धरत नाही, त्यामुळे ते झिरपत थेट भूजलापर्यंत जाऊ शकते. वाटेत सेंद्रिय द्रव्य भेटले, प्राणवायू कमी झाला, तर त्याचे त्रिसंयुजी रूप बनते आणि ते कणांवर घट्ट बसते. एकच धातू एका रूपात विहिरीचा प्रश्न होतो आणि दुसऱ्या रूपात शेताचा.

१३/
आता कणाचा प्रवास पाहू. दोन मायक्रोमीटर व्यासाचा मातीचा कण संथ पाण्यात १० सेंटिमीटर खाली बसायला सुमारे आठ तास घेतो. व्यास निम्मा केला की वेळ चौपट : बत्तीस तास. हे अगदी स्थिर पाण्यातले गणित झाले. वाहत्या नदीत असा कण जवळजवळ बसतच नाही. सातपूरच्या नाल्यातून निघालेला कण नासर्डीतून टाकळीच्या संगमापर्यंत, तेथून गोदावरीतून पुढे, पाणी जेथे थबकेल तेथपर्यंत जातो. ते थबकते बंधाऱ्यात, कालव्यात आणि पाट सोडलेल्या शेताच्या सरीत.

१४/
शेतात पोहोचलेला कण तेथे स्वस्थ बसेल, हाही समज अपुरा आहे. उन्हाळ्यात काळी जमीन भेगाळते; या भेगा हातभर आणि त्याहून खोल जातात. मृगाच्या पहिल्या सरीने वरची माती भेगांत कोसळते आणि वरच्या थरातील धातू एका पावसात मुळांच्या खाली जातो. पावसाचे पाणी जवळजवळ क्षारविरहित असल्याने एकमेकांना चिकटलेले कण सुटतात आणि पाणी गढूळते. सिंचनाच्या पाण्यात सोडियम जास्त असेल, तर हे विस्कटणे वाढते. जमीन चोपण होण्यामागची क्रिया हीच. चोपण होत चाललेली जमीन नापीक होतेच, शिवाय आपले बारीक कण अधिक सहज सोडते.

१५/
धातू मातीला चिकटला म्हणजे जागीच राहिला, असे शास्त्रज्ञही दीर्घकाळ मानत होते. अमेरिकेतील नेवाडाच्या चाचणीभूमीवर १९६८ मध्ये ‘बेनम’ नावाचा भूमिगत अणुस्फोट करण्यात आला. प्लुटोनियम खडकाला घट्ट चिकटते, ते फार हलणार नाही, अशी अपेक्षा होती. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने त्याच स्फोटाचे प्लुटोनियम १.३ किलोमीटर दूरच्या भूजलात असल्याचे दाखवले. ते विरघळून गेले नव्हते; भूजलात तरंगणाऱ्या कलिल कणांवर बसून गेले होते.

१६/
या विषयातला सर्वांत बोलका इतिहास जपानचा आहे. आशिओच्या तांब्याच्या खाणीखालून वाताराशे नदी वाहते. १८९० आणि १८९६ च्या पुरांनी खाणीतला गाळ खालच्या भातशेतीवर पसरवला. ज्या पुराच्या गाळाची शेतकरी पूर्वी वाट पाहत, त्याच गाळाने पीक जळू लागले. संसदसदस्य तानाका शोझो यांनी १८९१ पासून हा प्रश्न सभागृहात लावून धरला. दाद मिळेना, तेव्हा त्यांनी राजीनामा दिला आणि १० डिसेंबर १९०१ रोजी थेट सम्राटाच्या वाहनापुढे अर्ज घेऊन धाव घेतली. खाण १९७३ मध्ये बंद झाली.

१७/
जपानमध्येच जिन्झू नदीच्या खोऱ्यात कामिओका खाणीचे कॅडमियम भाताच्या खाचरांत साचले. ते तांदळातून माणसांच्या शरीरात गेले. मूत्रपिंडे निकामी झाली, हाडे ठिसूळ होऊन मोडू लागली. रोगी वेदनेने जे ओरडत, तेच रोगाचे नाव पडले : इताई-इताई, म्हणजे ‘दुखतंय, दुखतंय’. १९६८ मध्ये जपान सरकारने हा प्रदूषणजन्य आजार असल्याचे मान्य केले. १९७० मध्ये शेतजमिनीच्या प्रदूषणासाठी स्वतंत्र कायदा झाला. खोऱ्यातील शेते पूर्ववत करण्याचे काम १९७९ ते २०१२ असे तेहेतीस वर्षे चालले. नदीचे पाणी तुलनेने लवकर सुधारले. मातीला एक पिढी लागली.

१८/
सातपूर म्हणजे जिन्झू नव्हे. तेथे जस्ताची प्रचंड खाण होती आणि दूषित भात दशकानुदशके रोजच्या ताटात होता. साम्य आहे ते रचनेत : वर धातूचा उद्योग, मध्ये नदी, खाली शेती. टाकळीचा संगम समर्थ रामदासांच्या तपश्चर्येचे स्थान म्हणून परंपरेने ज्ञात आहे. नासर्डीचे नंदिनी हे नाव त्याच परंपरेतले. संगमाखाली गोदावरी निफाड तालुक्यात शिरते. चांदोरी, सायखेडा ही गावे पुराच्या बातम्यांत नेहमी येतात. त्यापुढे कादवेच्या संगमाजवळ नांदूर मधमेश्वरचा बंधारा आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी बांधलेल्या या बंधाऱ्यामागे इतका गाळ साचला की तेथे उथळ पाणथळ तयार झाली, पक्षी आले आणि आज ते महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ आहे.

१९/
गोदावरीच्या प्रदूषणाविरुद्ध २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली आणि ‘नीरी’ या राष्ट्रीय संस्थेकडून उपाययोजना मागवण्यात आल्या. त्याआधी २००९ च्या केंद्रीय प्रदूषण निर्देशांकात नाशिक गंभीर प्रदूषित औद्योगिक क्षेत्रांच्या यादीत होते. नदीविषयीची जागरूकता यातून वाढली. सार्वजनिक चर्चा मात्र बहुतांशी फेस, पाणवेली, दुर्गंधी आणि कुंभमेळ्याचे स्नान यांभोवती फिरते. दिसणाऱ्या प्रदूषणाला वकील मिळतो. गाळाला अजून मिळायचा आहे.

२०/
सारा भार कारखान्यांवर टाकणेही इतिहासाला धरून होणार नाही. १८८५ मध्ये फ्रान्सच्या बोर्दो परिसरात प्येर मिलार्दे यांनी मोरचूद आणि चुन्याचे मिश्रण द्राक्षावरील केवडा रोगावर वापरले. नाशिकच्या द्राक्षबागांत तेच बोर्डो मिश्रण आजही फवारतात. त्यातले तांबे वर्षानुवर्षे वरच्या थरात साचते. फ्रान्सच्या जुन्या बागांत हे चांगलेच दिसून आले आहे. फॉस्फेट खतांतून थोडे कॅडमियमही येते. बागेच्या उतारावरून पावसात धूप झाली की या धातूंचीही वाट तीच : बारीक कण, ओढा, नदी.

२१/
ताटापर्यंत काय येते? नाशिकची काळी माती बहुधा अल्कधर्मी असते आणि अशा मातीत बहुतेक धातू घट्ट धरलेले राहतात. हे मोठेच संरक्षण आहे, पण माती आम्ल होत गेली की पकड सैल होते. कॅडमियम पालेभाज्या तुलनेने सहज शोषतात. शिसे मुळांतून वर फारसे चढत नाही. पानांना चिकटलेल्या मातीबरोबर ते स्वयंपाकघरात येऊ शकते. भाजी दोन-तीन पाण्यांनी धुण्याची आजीची शिस्त येथे शब्दशः उपयोगी पडते. वनस्पतीच्या आत गेलेले कॅडमियम मात्र धुऊन जात नाही.

२२/
आपल्या नोंदी यांतले काय टिपतात? २०१५ पासून शेतकऱ्याला मृदा आरोग्य पत्रिका मिळते. तिच्यात बारा घटक असतात : नत्र, स्फुरद, पालाश, गंधक; जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन; आणि सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब. जस्त आणि तांबे आहेत, पण कमतरता शोधण्यासाठी. शिसे, कॅडमियम, क्रोमियम, निकेल यांचा रकानाच नाही. २०१७ मध्ये राज्याने ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना सुरू केली. गंगापूर धरणाची मूळ ७,२०० दशलक्ष घनफूट क्षमता गाळामुळे ५,६३० वर आली आहे; तेव्हा गाळ काढणे हिताचेच. पण गंगापूर सातपूरच्या वर आहे. वसाहतींच्या खाली साचलेला गाळ शेतात टाकण्यापूर्वी त्याची धातूंसाठी तपासणी हवी. मळईची जुनी श्रद्धा साठच्या दशकानंतरच्या गाळाला तशीच लावता येत नाही.

२३/
इतिहासाच्या विद्यार्थ्यासाठी यात एक अनपेक्षित भाग आहे. बंधाऱ्यातला गाळ थराथराने साचतो आणि न ढवळलेल्या तळातून उभी नळी घालून त्याचा स्तंभ काढता येतो. जगभरच्या अणुचाचण्यांतून पडलेले सीझियम-१३७ सन १९६३ च्या सुमारास सर्वाधिक होते. त्या थरावरून काळाची खूण मिळते. महामंडळाची स्थापना १९६२ ची. म्हणजे गोदावरीच्या एखाद्या शांत बंधाऱ्यातील तळात सातपूरच्या औद्योगिक युगाचा आरंभ जवळजवळ तारखेसह सापडू शकतो. त्याखालचा गाळ वसाहतीपूर्वीचा, त्यावरचा नंतरचा. कोणत्या दशकात किती धातू वाहिला, हे तो दप्तराहून अधिक निःपक्षपणे सांगेल.

२४/
ज्या गुणाने काळ्या मातीने या प्रदेशाला पोसले, त्याच गुणाने ती औद्योगिक शतकाचे धातू धरते आणि वाहते. पाटातून आलेला पोटॅशियम आणि पाटातून आलेले शिसे यांत कण भेद करत नाही; भेद माणसाने करायचा असतो, आणि त्यासाठी आधी नोंद लागते. २०२५ मध्ये केंद्राने दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले. नासर्डीच्या खालच्या शिवारापुरता पहिला टप्पा साधा आहे : पाण्याबरोबर गाळ तपासणे, मृदा पत्रिकेत चार रकाने वाढवणे आणि निकाल गावच्या चावडीवर लावणे.

२५/
त्रिरश्मीवरच्या त्या लेखाला एकोणीसशे वर्षांनी आपण एक प्रश्न विचारतो आणि उत्तर मिळत नाही : शेत का कसले जाईना? तेव्हाच्या अमात्याला तो रकाना भरण्याचे कारण नव्हते. आज त्याच डोंगराच्या पायथ्याशी, सातपूर–अंबडच्या उताराखाली एखादे शेत पडले, तर कारण शोधण्याची साधने आपल्याकडे आहेत. सातबाऱ्यावर ‘पड’ एवढेच लिहून पान मिटले, तर पुढच्या अभ्यासकाला पुन्हा गाळच उकरावा लागेल.

(धागा समाप्त)